पडद्यापुढची खुर्ची

रीळ पहिलं

सारजाला खुर्ची हवी होती. गोष्ट एवढीच आहे. बाकी जे सांगतो ते त्या खुर्चीच्या पायाला अडखळत सांगतो.

खुर्ची घडीची, लोखंडी, बापूसाहेबांच्या तंबू टॉकीजमधली. तंबूची रीत अशी : मधोमध मांजरपाटाचा पडदा ताणलेला. पुढच्या अंगाला पुरुष. त्यातल्या मानकऱ्यांना खुर्च्या, बाकीच्यांना माती. मागच्या अंगाला बायका, सगळ्या मातीत. कापड पातळ, म्हणून चित्र दोन्हीकडे उमटायचं. मागचं तिकीट निम्मं.

"चित्र तेच, आवाज तोच, पैसे निम्मे. मग कुरकुर कशाची?" बापूसाहेब विचारायचे.

चित्र तेच, खरं आहे. फक्त मागून ते आरशातल्यासारखं दिसायचं. उजवं डावं व्हायचं आणि डावं उजवं. मागच्या बायांना नटीचा पदर उजव्या खांद्यावर दिसे. ती डाव्या हातानं कुंकू लावे, डाव्या हातानं देवाला फूल वाही, डाव्या हातानं जेवे. निमगाव केतकीची सारजा इंदापूरच्या बाजारात वांगी विकायची आणि पाटी रिकामी झाली की तंबूत शिरायची. बारा वर्षं तिनं हे पाहिलं. तिला वाटायचं, शिनेमातल्या बायांची रीतच अशी.

"पैशेवाल्या बाया त्या," तिची थोरली जाऊ प्रयागबाई समजूत घालायची, "डाव्या हातानं जेवू न्हायतर पायानं. कोण बोलणार त्यास्नी?"

पुढून एकदा तरी बघावं, खुर्चीवर बसून, एवढंच सारजाच्या मनात होतं. कुणापाशी बोलली नाही. बोलली असती तर नवऱ्यानं वांग्याच्या पाटीसकट हाकलली असती.

रीळ दुसरं

नुकतीच पहिली निवडणूक होऊन गेली होती. तीत पडलेली माणसं पुढं काय करावं या विचारात होती, त्यांतले बापूसाहेब एक. त्यांनी बारामतीत गुळाच्या गोदामावर पाटी लावली : 'श्री बापूसाहेब चित्रविद्यालय'. विद्यार्थी चार. विषय तीन : रडणे, घोड्यावरून पडणे आणि मरणे. घोडा मिळाला नाही म्हणून मुलं गुळाच्या ढेपांवरून पडायची. मास्तर एकच, तंबूतलं मशीन चालवणारा महिपती. त्याला कॅमेरा चालवता येत होता, म्हणजे हँडल फिरवता येत होतं.

अशात मुंबईहून पत्र आलं. देशोदेशीचे चित्रपट तिथं जमणार, मोठा महोत्सव भरणार, चित्रशिक्षणाच्या संस्थांनी विद्यार्थ्यांचं काम पाठवावं. देशात अशा संस्था शोधायला निघालेल्या कुणा कारकुनाला बारामतीची पाटी सापडली असावी.

बापूसाहेबांनी पत्र तीन वेळा वाचलं आणि चौथ्यांदा दुसऱ्याकडून वाचून घेतलं. चित्रपटाचं नाव ठरलं 'आदर्श गृहिणी'. विद्यार्थी चारही मिशीवाले. गृहिणी कुठून आणायची?

"ती वांगीवाली," महिपती म्हणाला. "पडद्यामागं बसून नटीच्या आधी रडती. हुंदका मला मशीनपाशी ऐकू येतो."

बापूसाहेब जीप घेऊन निमगावला गेले. सारजाच्या नवऱ्याला फेटा बांधला, तो गप्प झाला. मग सारजाला विचारलं, "काय घेशील?"

"खुर्ची," सारजा म्हणाली.

"आँ?"

"माझं पिक्चर लागंल तवा पुढच्या अंगाला खुर्चीवर बसून बघीन. बाकी कायबी नगं."

"हात्तिच्या! दिली खुर्ची," बापूसाहेब म्हणाले. फुकटात काम होतंय म्हटल्यावर त्यांनी लगेच शब्द दिला.

फिल्म होती मोजकी. पुन्हा काढायची सोय नव्हती. गोदामाच्या अंगणात तुळस मांडली, मागं चित्रविद्यालयाची पाटी टांगली. पाटी प्रत्येक दृश्यात हवी, असा बापूसाहेबांचा दंडक होता. स्वयंपाकाच्या दृश्यात ती चुलीमागं आली.

महिपतीनं हँडल फिरवायला घेतलं आणि सारजा घरची सारजा राहिली नाही, शिनेमातली झाली. तिनं पदर उजव्या खांद्यावर घेतला. डाव्या हातानं दिवा लावला, डाव्या हातानं कुंकू लावलं, नवरा झालेल्या मिशीवाल्याला डाव्या हातानं वाढलं आणि देवाला डाव्याच हातानं नैवेद्य दाखवला.

कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? तर महिपती डोकं काळ्या फडक्यात घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघत होता आणि त्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेत माणूस डोकं खाली पाय वर दिसायचं, शिवाय उजव्याचं डावं. बापूसाहेब पाटी वाकडी होतेय का एवढंच बघत होते. आणि विद्यार्थी मरायच्या दृश्याची वाट बघत होते. त्या चित्रपटात मरायचं दृश्यच नव्हतं.

रीळ तिसरं

तुटलं. तंबूत रीळ तुटलं की महिपती ते चिकटवीपर्यंत माणसं विडी ओढून घेतात. तुम्हीही घ्या. तुटलेल्या भागात फारसं काही नव्हतं. फिल्म पुण्याहून धुऊन आली, बापूसाहेबांनी भिंतीवर बघितली, पाटी सुलटी दिसली, पेटी मुंबईला गेली.

रीळ चौथं

मुंबईहून उलट टपाली उत्तर आलं. 'आपल्या विद्यालयाच्या निर्मितीने निवड समिती हादरून गेली आहे. परंपरेच्या प्रत्येक विधीला डाव्या हाताने नकार देणारी ग्रामीण स्त्री भारतीय पडद्यावर प्रथमच अवतरली आहे.'

बापूसाहेबांनी महिपतीला विचारलं, "डाव्या हातानं म्हंजी?"

महिपतीनं डोकं खाजवलं. "आपन मुद्दामच केलं म्हनायचं, बापूसाहेब."

"व्हय व्हय. मुद्दामच!"

महोत्सवाचे पाहुणे खुद्द बारामतीला आले. बापूसाहेबांनी इंदापूरचा तंबू तिथं आणून ठोकला आणि दिवेलागणीला खास खेळ लागला. पाहुण्यांत मुख्य एक चष्मेवाले, खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. पुढच्या रांगेत ते, मामलेदार, वकील, डॉक्टर, व्यापारी. सारजा इरकली नेसून आली. सोबत प्रयागबाई.

"माझी खुर्ची?" तिनं विचारलं.

बापूसाहेबांनी रांगेकडं बघितलं. "सारजाबाई, आज पाव्हणे हायती. तू आपली मागं बस. चित्र तेच हाय की!"

सारजा मागं जाऊन मातीत बसली.

दिवे गेले. पडद्यावर ती आली. पदर डाव्या खांद्यावर. दिवा उजव्या हातानं. कुंकू उजव्या. नैवेद्य उजव्या. उलट्याचं उलट होऊन मागच्या अंगाला सगळं सुलटं उमटलं होतं. फक्त मागची पाटी तेवढी उलटी होती आणि ती वाचणारं तिथं कुणी नव्हतं.

"आगं बया!" प्रयागबाई ओरडली, "ही तर आपल्यावानीच करती. अशी नटी म्या जल्मात बघितली न्हाय!"

पुढून टाळ्या. चष्मेवाले उभे राहिले. "विलक्षण! कुठं आहेत त्या बाई? हा समारोपाचा दीप त्यांच्या डाव्या हातानं उजळू द्या!"

सारजाला पुढं आणलं. समई ठेवलेली. तिनं सवयीनं उजवा हात पुढं केला.

"डाव्या, डाव्या!" बापूसाहेब दातांतून म्हणाले.

सारजानं हात मागं घेतला. "आदी खुर्ची."

चष्मेवाल्यांना यातही काहीतरी विलक्षण दिसलं. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून तिच्यापुढं मांडली. सारजा बसली, नीट टेकून.

"आता दिवा," बापूसाहेब म्हणाले.

"आता पिक्चर. पुन्ना लावा."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली, मग महिपतीला रीळ मागं गुंडाळून पुन्हा लावावंच लागलं. सारजानं बारा वर्षांत पहिल्यांदा पुढून पडदा बघितला. त्यावर एक बाई डाव्या हातानं देवाला नैवेद्य दाखवत होती.

ती आधी हसली. मग हसू गेलं.

"बापूसाहेब, म्हंजी त्या समद्या नट्या उजव्या हाताच्याच व्हत्या?"

"असतील. त्याचं काय आता?"

"आमच्यासारख्याच व्हत्या. आन बारा वर्सं तुमी आमाला त्या उलट्या दावल्या."

"निम्म्या पैशात दावल्या!"

"पण बाई, तुमचा विद्रोह..." चष्मेवाले मध्ये पडले.

"कसला इद्रोह? चुकलं माझं. डाव्या हातानं निवद दावला म्या. तुमच्यात कुनी दावतं का?"

मामलेदार खोकले. मघाशी सगळ्यात आधी टाळी त्यांनीच वाजवली होती.

सारजा उठली. खुर्ची घडी केली, काखेत मारली आणि निघाली.

"अगं, खुर्ची कुठं नेती? ती पुढची हाय!"

"व्हय, पुढचीच," सारजा पडद्याची कड उचलत म्हणाली. "मी नीट दिसती तितं पुढं. तिकडं न्हेती."

पडद्यामागून घडी उघडल्याचा खटका ऐकू आला. महिपती मशीन थांबवायला विसरला होता. चष्मेवाल्यांनी उरलेला खेळ उभ्यानं बघितला. जागा होती, पण मातीत बसायची त्यांना सवय नव्हती.