जाड काच

“जरा जाड लावा ना, भाऊजी,” शिंपीणवहिनी म्हणाल्या. “म्हणजे सारखी सारखी तडकायची नाही.”

स्टुलावर उभ्या असलेल्या काचवाल्यानं हातातली पट्टी खाली घेतली. दोन बोटं रुंद, फोटोच्या फ्रेमला घालतात तसल्या पातळ काचेची पट्टी. भिंतीला तडा गेला की ती तड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरनं चिकटवायची आणि लक्ष ठेवायचं. काच अख्खी असेल तर भिंत जागेवर आहे. काच तडकली तर भिंत हलतेय.

“वहिनी, ती तडकावी म्हणूनच लावतात.”

“तडकायचीच असेल तर लावायची कशाला?”

कॉटवर पडलेल्या त्यांच्या सासूबाई हसल्या. सगळी गल्ली त्यांना आजी म्हणे. “अरे काच्या, घर पडणार की नाही तेवढं सांग. काचेचं राहू दे.”

“ते काचेलाच विचारावं लागतं, आजी.”

“मग तू कशाचे पैसे घेतोस?”

“तुमच्याकडून कधी घेतले?”

“तरीच. फुकटची म्हणून तडकते मेली.”

वहिनी हसल्या नाहीत. गेल्या खेपेची तुटकी पट्टी त्यांनी पदरात धरली होती. पट्टी तडकली की त्या काचवाल्याला बोलावत, जुनी काढून नवी लावून घेत, आणि नवी कोरी काच भिंतीवर दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडे. गल्लीतल्या सगळ्यांचं हेच झालं होतं. नवी काच लागली म्हणजे भिंत बरी झाली, असं लोकांनी धरून टाकलं होतं. काचवाला आधी समजावून सांगायचा. मग त्यानं ते सोडून दिलं.

घरांच्या मागे पूर्वी गोदामं होती. ती पाडून आता तिथे खड्डा खणत होते. उंच इमारत होणार होती, किती मजली ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. खड्ड्यात पाणी लागलं होतं आणि ते उपसायला पंप सतत चालू असे. सुरुवातीला त्या आवाजानं झोप लागत नसे. आता तो मधेच थांबला तर लोक दचकून जागे होत.

शिंपी दारातून आत आला. गळ्यात टेप, हातात पिशवी. “पलीकडे एक खोली बघून आलो,” तो म्हणाला. “बरी आहे. मशिनं मावतील. आई कुठे झोपणार, तेवढा प्रश्न आहे.”

“मशिनवर,” आजी म्हणाल्या.

“तुम्ही काय म्हणता, काचवाले? जावं का?”

काचवाल्यानं भिंतीवर हात ठेवला. दोन्ही घरांत ही एकच भिंत होती. एका बाजूनं शिंप्याची, दुसऱ्या बाजूनं त्याची. शिंपी गेला की बिल्डरची माणसं त्याचं घर घेणार, पाडणार, आणि मग काचवाल्याच्या घराला एक बाजूच राहणार नव्हती. त्या घरात त्याची बायको राहिली होती आणि गेल्या वर्षी तिथेच गेली होती.

“घाई करू नका,” तो म्हणाला. “जाड काच लावून बघू.”

घरी जाऊन त्यानं कपाटाच्या फळीची उरलेली काच काढली आणि तिची पट्टी कापली. बायको गेल्यापासून तो मोठी कामं घेत नव्हता. मोठी काच न्यायला दोन माणसं लागतात. बायको पलीकडची कड धरायची आणि उलट्या पावलांनी मागे मागे चालायची. त्यानं ‘पायरी’ म्हटलं की न बघता पाय उचलायची. दुसऱ्या कुणाबरोबर ते जमेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता तो खिडक्यांची लहान तावदानं बसवायचा आणि गल्लीतल्या भिंतींना पट्ट्या लावायचा.

जाड काच टिकली. आठवडा गेला, दुसरा गेला, तिला काही झालं नाही. वहिनी सकाळी उठून आधी तिच्यावरून हात फिरवत. शिंप्यानं खोलीचा विचार सोडला. मग गल्लीतले बाकीचे लोक आले. आम्हालाही तसलीच लावा म्हणाले, आणि त्यानं लावून दिली.

स्वतःच्या घरात, त्याच भिंतीच्या इकडच्या अंगाला, त्यानं एकही पट्टी लावली नव्हती. तिथे त्यानं कपाट सरकवून ठेवलं होतं.

दुपारी काम नसलं की तो खड्ड्याच्या कुंपणाशी जाऊन उभा राही. पंपाशी एक तरणी बाई बसलेली असे. पंपावर लक्ष ठेवायचं, बंद पडला की परत चालू करायचा, एवढंच तिचं काम. नवरा खाली लोखंड बांधायच्या कामावर होता.

“गावाकडे काय होतं?” त्यानं एकदा विचारलं.

“सगळं होतं. काम नव्हतं.”

“इथे आवडतं का?”

“आवडायला काय, काका. काम आहे. आमच्या गावचे अजून चार जण येणार आहेत.” तिनं खड्ड्याकडे हात केला. “एवढं खोल कशाला, म्हणून मी साहेबांना विचारलं. म्हणाले, माणसं मावायला वर जावं लागतं, आणि वर जायचं तर आधी खाली जावं लागतं.”

खाली मातीचे थर दिसत होते. वर काळी भुसभुशीत माती, मग पिवळी, मग ओला मुरूम. ती काळी माती त्याच्या ओळखीची होती. तो आणि बायको नवे नवे आले तेव्हा शहर इथेच संपत होतं आणि पुढे भाजीचा मळा होता. त्याच मळ्याचा तुकडा पाडून ही घरांची रांग उठली होती. मळेवाला रस्त्यावर उभा राहून नव्या घरांकडे बघत असे. बायकोनं त्याला विचारलं होतं, तुम्ही कुठे जाणार? तो म्हणाला होता, अजून थोडं पुढे. मग तेही शहरात आलं की अजून पुढे. बायकोला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. काचवाला तिला म्हणाला होता, आपण काय त्याला हाकललं? आपण फक्त राहायला आलो.

पंपाच्या तोंडातून गढूळ पाणी गटारात पडत होतं. “पाण्यात माती येतेय. घरांखालची,” तो म्हणाला.

“कधीची येतेय,” बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी हाक मारली. आवाज शांत होता. “भाऊजी, काच निसटली वाटतं. परत चिकटवून देता का?”

काच निसटली नव्हती. एक टोक भिंतीला घट्ट होतं. दुसऱ्या टोकानं गिलाव्याचा परातीएवढा पोपडा ओढून काढला होता आणि काच तो पोपडा धरून हवेत राहिली होती. मागे उघड्या विटा दिसत होत्या. काचेवर एक चरासुद्धा नव्हता.

“बघा, शाबूत आहे,” वहिनी म्हणाल्या.

त्यानं विटांमधल्या फटीत बोटं घातली. ती आत गेली, आणि मग पूर्ण हातच आत गेला. त्यानं कान लावला. पलीकडून त्याच्याच घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. रिकाम्या घरातलं घड्याळ बाहेरून कसं वाजतं, ते त्याला पहिल्यांदा कळलं.

गप्प राहायचं आणि पोपडा प्लॅस्टरनं परत बसवायचा, एवढं त्याच्या हातात होतं. वहिनी प्लॅस्टर कालवायला वाटी घेऊनच उभ्या होत्या.

“वहिनी, निघा इथून,” तो म्हणाला. “आजच.”

“अहो पण काच...”

“काचेला काही झालेलं नाही. भिंत गेली.”

शिंपी मशिनवरून उठला. “तुम्हीच म्हणालात घाई करू नका. ती खोली गेली आता.”

“हो, मीच म्हणालो.”

“माहीत नव्हतं तुम्हाला?”

“माहीत होतं. जाड काच भिंतीचं काही सांगत नाही. तुम्ही गेलात तर माझंही घर जाणार, म्हणून लावली.”

शिंपी त्याच्याकडे बघत राहिला. कॉटवरून आजी म्हणाल्या, “भांडायचं ते बाहेर जाऊन भांडा. आधी मला उचला. मी मशिनांच्या नंतर जाणार नाही, सांगून ठेवते.”

काचवाल्यानं कॉटची एक बाजू धरली, शिंप्यानं दुसरी. आजींना रस्त्यावर आणलं, मग मशिनं, मग कापडाचे गठ्ठे. मग काचवाला दारोदार गेला. लावलेल्या जाड पट्ट्या त्यानं पटाशीनं उचकटून काढल्या आणि प्रत्येक घरात तेच सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी मुकाट्यानं सामान बांधायला घेतलं. एका घरात त्याला पट्टी काढूच दिली नाही.

दिवस कलायच्या आत ती भिंत बसली. मोठा आवाज झाला नाही. आधी धूळ आली. मग दोन्ही घरांचं छप्पर मधोमध वाकून खाली गेलं. आत कुणी नव्हतं. पालिकेची माणसं आली आणि रांगेला दोरी बांधून गेली. कुणाला आत सोडेनात. वहिनींनी काचवाल्याकडे पाहिलं नाही, पण त्यांनी सगळ्यांसाठी चहा आणला तेव्हा एक कप त्याच्या शेजारीही ठेवला.

त्याच्या हाती राहिलं ते घराबाहेरच्या ओट्यावरचं सामान. थोड्या काचा, हिऱ्याचं कटर, काच बसवायच्या लांबीचा डबा. मुलीला निरोप गेला होता, काम सुटलं की ती न्यायला येणार होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ते टोकही आता टोक राहिलं नव्हतं.

तो सामानापाशी बसला असताना पंपावरची बाई आली. पडलेल्या घरांकडे तिनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

“काका, यातली एखादी विकाल का? खोपटाला खिडकीचं भोक ठेवलंय, पण वारा फार येतो. सगळी धूळ आत येते.”

“चल, दाखव.”

खोपट पत्र्याचं होतं, कुंपणाच्या आत, खड्ड्याच्या कडेला. आत एक चूल, दोन बिछाने, कोपऱ्यात गावाहून आणलेली पत्र्याची पेटी. भोकाला लाकडी चौकट होती, पण काटकोनात नव्हती. त्यानं चारही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, बाहेर जमिनीवर काच ठेवून तिरकी कापली आणि बसवली. पहिल्याच खेपेला बसली. लांबी मळून त्यानं कडांना अंगठ्यानं दाबत नेली.

बाई आतून बघत होती. “किती द्यायचे?”

“काही नाही. लांबी वाळेपर्यंत हात लावू नकोस. पत्रा हलवू नकोस.”

“कधी वाळेल?”

“वेळ लागतो.”

ती पंपाकडे निघून गेली. काचवाल्यानं कटर फडक्यात गुंडाळलं आणि तिथेच, खोपटाच्या भिंतीला पाठ न टेकता, लांबी वाळायची वाट बघत बसला.