जंगी नाव आणि केवळाबाईची मेंढरं

“मेंढरं राखून भागलं न्हाई, आता नावा राखनारेत म्हनं ही धनगरं,” माणिकराव पाटील शेजारच्याच्या कानात कुजबुजले. पण पाटलांची कुजबुज म्हणजे ओढ्यापलीकडच्याला हाक. ती पुढं बसलेल्या केवळाबाईच्या मानेवर येऊन आदळलीच.

केवळाबाईनं मान वळवली नाही. पदर तेवढा सारखा केला. बोल बाबा, तोंड तुझं, वारा फुकटचा.

सोनपेठच्या खाली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, थडीवरचं हे गाव पारावर जमलं होतं ते परभणीहून आलेल्या एका कागदापायी. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती, मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन एक. नव्या सरकारनं जुन्या सरकारचं सामान उलथंपालथं करायला काढलं होतं, आणि त्या सामानात गावची जंगी नाव निघाली होती. अण्णासाहेब मास्तरांनी चष्मा पुसून कागद वाचला. एप्रिल सरायच्या आत गावानं नाव नीट करावी. दोनशे घरांनी ती सांभाळायची हमी अंगठ्यानिशी द्यावी. मग साहेब मुआयन्याला, तपासणीला येतील. नाव खरंच लढाईतली आहे असं त्यांना पटलं तर तिचं संग्रहालय राहील. नाही पटलं तर हर्रास. लोखंड लोखंडाच्या भावानं, सागवान सागवानाच्या.

नाव चाळीस हात लांब, बाजूंना लोखंडी पत्रे ठोकलेली, पुढं मोठ्या बंदुकीचा खुंटा. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, जुना अंमल मोडायला आला तेव्हा, निजामाच्या बाजूचे बंदूकवाले तिच्यात बसून काठाकाठानं गावं धमकावत फिरायचे. एका पहाटे ती ह्याच गावापुढं वाळूच्या दांडावर चढून अडकली आणि गावच्या तरण्या गड्यांनी ती धरली. मास्तर त्यांचे म्होरके. पुढं मास्तरांनीच ती वर ओढून घेतली, आत रिकामी काडतुसं, कंदील, फाटकं निशाण असं मांडलं आणि बाहेर पाटी लावली. पार झरीहून, चुडाव्याहून शाळा ती बघायला येऊन गेल्या होत्या.

पाटीवर सगळं होतं. नाव वाळूवर चढवली कुणी, तेवढं नव्हतं.

ती चढवली होती धोंडीबानं, केवळाबाईच्या मालकानं. मेंढरं नदीपार नेणाऱ्या धनगराला नदीचा तळ पायानं पाठ असतो. म्हणून तर बंदूकवाल्यांनी त्याला मेंढवाड्यातून उचलून सुकाणूवर उभा केला होता. त्याला नावेतून खाली घेतला तेव्हा छातीत गोळी होती. नाव वैऱ्याची, आणि गोळी आली होती आपल्या काठाकडून. गावानं ह्याचा अर्थ कधी लावलाच नाही. गाव धोंडीबाला फितूर म्हणत नव्हतं, आणि केवळाबाई गोळी कुणाची ते विचारत नव्हती. असा हा नऊ वर्षांचा करार, त्याला ना कागद ना अंगठा.

“जाऊ द्या की मास्तर,” आता पाटील मोठ्यानं म्हणाले. “नाव गेली की इषय गेला.”

केवळाबाई उठली. “इषय कोन्चा म्हन्ता पाटील?”

पाटील पारावरच्या मुंग्या बघायला लागले.

“बोला की. न्हाई? मग ऐका. नाव कुठं जात न्हाई. दोनशे अंगठे मी आनते.”

बोलून बसली, आणि बसल्यावर तिला आकडा उमगला. दोनशे अंगठे! तिच्या शब्दावर तर घरची कोंबडीसुद्धा वेळेवर खुराड्यात जात नव्हती.

आठवडाभर ती दारोदार फिरली. लोक बसा म्हणाले, पाणी दिलं, धोंडीबा भला माणूस होता असंही हळूच म्हणाले. अंगठ्याचं काढलं की म्हणाले, “पाटलाचा पडू द्या, मंग आमचा काय, हायेच.” आठ दिवसांत तीस अंगठे झाले. त्यातले निम्मे तिच्याच भावकीतले.

पण चैताचा महिना होता. रानं मोकळी पडली होती, आणि चैतात धनगराला गावात जरा जास्तच राम राम घडतो. मेंढरं रात्री ज्याच्या रानात बसतील त्याच्या रानाला लेंडीचं खत. चार राती कळप बसला तर येत्या साली ज्वारीचं ताट माणूसभर उंच. बदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो, त्यावर धनगराचा पावसाळा निघतो. केवळाबाईचा दीर बिरू सहा धनगर बिऱ्हाडांची मेंढरं एकत्र राखायचा. त्याच्या मागं लोक “आमच्याकडं कवा, आमच्याकडं कवा” करत फिरत होते.

“बिरूभावजी,” ती भाकरी थापता थापता म्हणाली, “ज्याचा अंगठा न्हाई त्याच्या रानात मेंढरं बसवायची न्हाईत.”

बिरूच्या हातातला घास हातातच राहिला. “वयनी, काय बोलायलाव? दाने बुडतेल की.”

“बुडू द्या. नऊ वर्सं गप बसून पोटभर खाल्लं. एक महिना उपाशी राहून बोलून बघू.”

बिरूनं घास तोंडात घातला आणि गिळला. मग म्हणाला, “दादा असता तर लय हसला असता.” एवढंच. तो त्याचा होकार होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावादेखत कळप निघाला. पाटलांचा पांढरीचा मळा वाटेवरच. दर साली पहिली रात पाटलांची, हा रिवाज. पाटील फेटा बांधून बांधावर उभे होते. कळप बांधाला लागून पुढं गेला, तसाच पुढं गेला, आणि पलीकडं दगडाबाई म्हणून एक एकटी म्हातारी होती तिच्या अडीच एकरांत शिरला. दगडाबाईनं पहिल्याच दिवशी अंगठा दिला होता.

“ए बिऱ्या! मेंढरं कुठं न्यायलास?”

बिरू आयुष्यात पाटलांपुढं मान वर करून बोलला नव्हता. आताही त्यानं मान खालीच ठेवली. बोलला मात्र. “ज्याचा अंगठा त्याची लेंडी, पाटील.”

“दान्यावाचून मरताल!”

“मरू की. पर तुमच्या रानात न्हाई मरनार.”

दगडाबाई एवढी हसली, एवढी हसली, की तिला धरून खाली बसवावी लागली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं आणि अंगठे आपल्या पायांनी चालत यायला लागले. एकानं तर केवळाबाईला रस्त्यातच गाठून विचारलं, “माझे दोन्ही घ्या, दोन राती बसवता का?” दोनशेवा अंगठा पाटलाच्याच घरातून आला. पाटलीणबाई परसदारानं येऊन तो उठवून गेल्या. रान त्यांच्या नावावर नव्हतं, पण अंगठा तर त्यांचाच होता. केवळाबाईनं शब्द पाळला. एक रात मेंढरं पाटलांच्या मळ्यात बसली, आणि पाटलांनी त्या रात्री झोपेचं सोंग घेतलं म्हणे.

मग नाव नीट करायची. थडीवर बाया जमल्या. फळ्यांच्या फटी उन्हानं हाताच्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. धनगरणींनी लोकर आणली, पिळून तिचे सुंभ केले आणि राळेत बुडवून फटींत ठासले. मास्तरांच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, जवसाच्या तेलाची घागर आणली आणि सोवळंओवळं त्या दिवसापुरतं घरी ठेवून त्या केवळाबाईशेजारी चिंधी घेऊन बसल्या. दोघी फळ्यांना तेल पाजत सुकाणूपर्यंत आल्या. प्रभावतीबाईंचा हात थांबला.

“केवळाबाई, मला तुम्हाला किती दिवसांपासून...”

“काय वो मास्तरीणबाई?”

प्रभावतीबाईंनी चिंधी पिळली. “तेल पुरेल ना, म्हटलं.”

“पुरंल की,” केवळाबाई म्हणाली. तिनंही पुढं विचारलं नाही. करार होताच.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सगळं झालं होतं, तरी बायांचे हात थांबेनात. पाहुणा यायचा म्हटल्यावर घर सारवलं नाही तर जेवण कसं उतरेल? कुणाचं लक्ष पत्र्याकडं गेलं. डाव्या अंगाला सात भोकं. धनगराच्या घरी पाहुण्याला अंथरायची घोंगडी आधी उजेडात धरून बघतात, भोक दिसलं की रफू करतात. फाटकं अंथरणं म्हणजे घराची नाचक्की. बायांनी लोकर-राळेची बोळी केली, सातही भोकं बुजवली, वरून काजळी-तेलाचा हात फिरवला. सुकाणूजवळचं सातवं केवळाबाईनं स्वतः बुजवलं. अंगठ्यानं दाबलं, आणि दाबून धरून बराच वेळ तशीच बसली. बायका दुसरीकडं बघत राहिल्या.

साहेब सकाळी जीपनं आले. तरणाबांड, घामेजलेला, बोलायला मऊ. पाटील फेटा बांधून पुढं, मास्तर मागं. साहेबांनी अंगठ्यांचे कागद पाहिले, मान डोलावली. नावेत चढले, उतरले, भोवती एक फेरी मारली, आणखी एक मारली.

“काम फार सुंदर झालंय,” ते म्हणाले. “पण मास्तर, तुमच्या अर्जात गोळ्यांच्या खुणा आहेत असं लिहिलंय. त्या कुठं आहेत?”

मास्तर वाकले. चष्मा काढला, लावला. पत्रा काळाभोर, तुळतुळीत.

“आमी बुजवल्या की!” दगडाबाई कौतुकानं म्हणाली. “साहेब येनार, भोकं कशी ठिवावी?”

प्रभावतीबाईंनी कपाळावर हात मारला. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं भलेपण. “आजी, मला तर तीच भोकं बघायची होती. त्यांच्याशिवाय ही नुसती जुनी नाव. अशा नावा गोदावरीवर पन्नास निघतील.”

पाटील खाकरले. “मंग हर्रासच म्हनायचा?”

केवळाबाईनं कमरेचं दाभण काढलं. लोकर भरली तिनं, लोकर काढेलही तिनं. एकेक बोळा ती उपसत गेली, राळ तुटताना कटकट वाजत होती. पहिलं भोक, दुसरं, तिसरं. गाव तिच्यामागं सरकत होतं आणि जसजसं सुकाणू जवळ येत होतं तसतसं माणसांतलं अंतर वाढत होतं. सातव्यातून बोळा निघाला तेव्हा उन्हाची एक काडी आरपार गेली.

साहेबांनी भोकात बोट घातलं. “कड आत वळलीय. गोळ्या बाहेरून आल्या. काठावरून.” मग आत जाऊन उभे राहिले. भोक बरोबर त्यांच्या छातीशी आलं. “इथं कोण उभं होतं?”

“नोंद न्हाई साहेब,” पाटील म्हणाले.

“नोंद न्हाई, मानूस होता,” केवळाबाई म्हणाली. “धोंडीबा. माझा मालक. मानेवर बंदूक ठिवून उभा केलता. पानी कुठं खोल, वाळू कुठं, त्येला ठाव होतं. त्यानं ही नाव जानून वाळूवर घातली. आपसूक न्हाई चढली ती.”

“आणि त्यांना गोळी...?”

“त्या गडबडीत कोन्ची कुनाला लागली, देवाला ठाव,” पाटील घाईनं म्हणाले. “जुनं हाय साहेब. सोडा.”

साहेब खाली उतरले. आवाज उतरवून म्हणाले, “हे बघा बाई, तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण कुणी पाहिलेलं नाही, आणि वादाची गोष्ट मला कागदावर घेता येत नाही. गावानं नाव पकडली, खुणा आहेत, एवढं लिहितो. नाव वाचेल. सुकाणूवाल्याचं राहू द्या. चालेल ना?”

गावानं श्वास सोडला. नाव वाचली! बिरूच्या चेहऱ्यावरसुद्धा क्षणभर उजेड आला. एवढं तर मागितलं होतं तिनं, आणि एवढं मिळत होतं.

केवळाबाईनं साहेबांच्या हातातले अंगठ्यांचे कागद धरले. साहेबांनी नकळत सोडले.

“न्हाई चालत,” ती म्हणाली. “हे अंगठे मी आनले, मी माघारी नेते. न्या तुमी नाव. तिचे खिळे करा, विळे करा. आमी त्याच विळ्यांनी गवत कापू. पर धोंडीबा वगळून ठिवायची असंल तर मला ती मेंढरांच्या पान्याची डोनी म्हनून बी नको.”

“अगं केवळे, हाती आलेलं घालवायलीस!” पाटील ओरडले.

“तुमीच म्हनला होता ना पाटील? नाव गेली की इषय गेला. जाऊ द्या की मग. का भ्यायलाव?”

साहेब एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. “त्या पहाटे काठावर जे होते, त्यातलं कुणी इथं आहे का? एकानं जरी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं, तर मी लिहून घेईन.”

आठ-दहा जण होते. सगळ्यांना एकदम आपापल्या वहाणा नीट बघाव्याशा वाटल्या. केवळाबाई कागद छातीशी धरून उभी राहिली. आता ती कुणाला विनवणार नव्हती. बघत मात्र होती, एकेकाकडं, खाल मानेनं नव्हे.

प्रभावतीबाई नवऱ्याजवळ गेल्या. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

मास्तरांनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. चष्म्याविना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडा दिसत होता. ते केवळाबाईपुढं आले, साहेबांकडं पाठ करून.

“लिहून घ्या साहेब,” ते म्हणाले. “नाव त्यानंच वाळूवर घातली. घातली आणि आमच्याकडं बघून दोन्ही हात वर केले. मी ते हात बघितले होते, केवळाबाई. बघितले, तरी मी घोडा ओढला. धोंडीबा माझ्या गोळीनं मेला.”