जास्तीचे पाच ठिपके

...आणि हा ठिपका लाल होता, म्हणजे सुवर्णाचा. नऊ तारखेच्या चौकोनात, डाव्या कोपऱ्यात, तिळाएवढा. दहाला एक, अकराला एक, असे तेरापर्यंत पाच. फ्रिजला टांगलेल्या कॅलेंडरसमोर प्रतिभा चष्मा कपाळावर सरकवून उभी राहिली, कारण जवळचं तिला हल्ली चष्म्याशिवायच नीट दिसायचं.

नऊ ते तेरा सुवर्णा इथं नव्हतीच. मनमाडला माहेरी गेली होती. दोरीवर नर्सचा पांढरा गणवेश नव्हता; आरोही दुधाला शिवत नाही, म्हणून अर्ध्या लिटरची पिशवी नासली होती — हे प्रतिभाला लख्ख आठवत होतं. नासलेलं दूध तिला माणसांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त लक्षात राहायचं.

नियम तिचाच होता. जो ज्या दिवशी घरात, त्यानं त्या दिवशी आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. महिनाअखेर लाइट, गॅस, नेट, झाडूवाली, सगळ्याची बेरीज करून ठिपक्यांनी भागायची. गंगापूर रोडच्या, तिघींनी मिळून भाड्यानं घेतलेल्या या फ्लॅटमध्ये पहिल्याच आठवड्यात तिनं हे बाकी दोघींच्या गळी उतरवलं होतं. भावाकडे अकरा वर्षं कुणी काही मोजलं नाही... म्हणजे तोंडानं नाही. दुसरी पोळी घेताना वाढणाऱ्या हाताकडे बघायची सवय तिला तिथंच लागली. ठिपका कसा, सरळ असतो. त्याला तोंड वाकडं करता येत नाही.

पण हे पाच ठिपके सरळ नव्हते. म्हणजे फारच सरळ होते! रात्रपाळीहून आलेली सुवर्णा पेन टेकवते न टेकवते, ठिपक्याला शेपूट फुटतं. हे मात्र गोल, एका बैठकीत, मन लावून काढलेले. स्वतःचे दिवस चोरून कमी करणारी माणसं प्रतिभानं गृहीत धरली होती. वाढवून ठेवणारी?

कुणी उगाच जास्त भरत नाही. मग का?

तिला कळलं आहे... तिनं मला पाहिलं.

दसऱ्यापासून बियाण्यांच्या दुकानात मालकानं तिला अर्ध्या दिवसावर आणलं होतं, पगारही अर्धा. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दोनला सुटून ती सहापर्यंत वाचनालयात बसायची, एकच वर्तमानपत्र राशिभविष्यापासून निविदांपर्यंत वाचायची, आणि दमल्यासारखी घरी यायची. दमायचीही खरोखर — नाटकाला कष्ट कमी नसतात. सुवर्णाच्या हॉस्पिटलची वाट त्याच रस्त्यानं जाते. वाचनालयाची खिडकी मोठी आहे. खिडकीजवळच का बसते मी? उजेडासाठी. मूर्ख बाई.

"मावशी, ठिपके मोजताय की रांगोळी घालताय?" आरोही मोबाइलवर हिशेब करत आली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी ही मुलगी भागाकार मात्र मोबाइललाच विचारायची. "तीन हजार साठ भागिले नव्वद... चौतीस! वर सुट्टे पैसेही नाहीत. तुमचे एक हजार वीस."

ते पाच वगळले तर नव्वद नाही, पंच्याऐंशी. छत्तीसनं एक हजार ऐंशी. साठ रुपये... आपली कीव साठ रुपयांची केली होती कुणीतरी. सहाशेची केली असती तर भांडता तरी आलं असतं. साठ रुपयांवरून भांडणारी बाई स्वतःच सांगते की तिच्याकडे साठ रुपये नाहीत. आणि गप्प बसणारी? ती घेते. आज साठ घेते, उद्या तिच्या ताटात कुणी न विचारता पोळी वाढतं, परवा ती पुन्हा वाढणाऱ्या हाताकडे बघायला लागते.

सुवर्णा बाल्कनीतल्या कोवळ्या उन्हात केसांना तेल लावत बसली होती. प्रतिभानं आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"सुवर्णा, नऊ ते तेरा तू मनमाडला होतीस ना गं?"

"होते की."

"मग हे ठिपके?"

सुवर्णाचा हात केसांतच थांबला. "लय बारीक नजर हो तुमची, ताई." हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी वहिनीनं विचारलं, वन्सं, परतीची गाडी कधीची? लय गोड आवाजात. दादा तिथंच बसलेला, टीव्ही बघत. आवाज वाढवला त्यानं टीव्हीचा." तिनं बोटाचं तेल तळहाताला पुसलं. "म्हटलं, जाऊ दे. आपण तिथं नव्हतोच. इथं होतो. मग इथलं भरायला नको?"

"अगं पण नियम—"

"नियम तुमचा, ठिपके माझे. तुम्हाला तर कळायला पाहिजे, ताई."

तुम्हाला तर. म्हणजे कुणाला? भावाकडे अकरा वर्षं काढलेल्या प्रतिभाला, की खिडकीत बसणाऱ्या? भावाचं आपण हिला कधी सांगितलं होतं? एकदा, ताप आला होता तेव्हा... की नव्हतंच सांगितलं? आणि ती टीव्हीची गोष्ट — किती बेतानं बसवलेली. खरी माणसं इतकं नेमकं सांगत नाहीत. दुकानात माल मोजायचा आहे, म्हणून उशीर होतो, हे आपणही असंच नेमकं सांगतो, पोत्यांच्या आकड्यासकट. पण आवाज वाढवणारा भाऊ कुणाला रचता येईल?

"मावशी, पाठवताय ना?" आतून आरोही.

"हो... थांब जरा."

सुवर्णा आता पाठमोरी झाली होती. तेलानं चपचपलेल्या केसांतून भांग दिसत होता, रुंद, मागं मागं सरकत चाललेला. छत्तीस वर्षांच्या बाईचा नव्हे. प्रतिभा त्या पाठीत खोटं शोधत राहिली. चोरी असती तर बरं झालं असतं. चोरी पकडली की माणूस मोकळा होतो.

खरं असू दे तिचं, असं तिच्या मनात आलं. साठ रुपयांसाठी नव्हे... वहिनी खरी असू दे, टीव्ही खरा असू दे, तिला तिथून हाकललेलं असू दे. किती दुष्टपणे आपण हे मागतो आहोत, हे तिला जाणवलं, आणि त्याहून वाईट हे, की इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आता मागत होतो, उभ्या उभ्या, एका पाठमोऱ्या बाईकडे, जिला ते ऐकूही येत नव्हतं.