माझी खांदशेकणी झाली तेव्हा

“दादा, ह्या घोड्यानं तुमाले किती खेप पाडलं?”

सुवर्णपदक जिंकून गावी आलेल्या प्रज्वलच्या भर सत्कारात शाळेतल्या वैभवीनं हा प्रश्न टाकला आणि किन्हीराजाच्या शाळेचं अख्खं पटांगण तिच्याकडे वळलं. “विचारून दाखव,” असं रुचिका आणि नाजियानं तिला डिवचलं होतं. आता त्या दोघीच ओढणीत तोंड लपवून हसत होत्या.

मित्रांनो, तो घोडा म्हणजे मी! मला शेपूट नाही, आयाळ नाही. चार लोखंडी पाय आहेत आणि पाठीवर दोन लाकडी कड्या. त्या धरून खेळाडू सगळं अंग हातांवर तोलतो आणि जुळवलेले पाय माझ्याभोवती गोल फिरवतो. पुस्तकात मला पॉमेल हॉर्स म्हणतात. इथं सगळे घोडाच म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म मंगरूळपीरचा. गादीवाल्या मुनाफचाचांनी माझ्या पोटात कापूस ठासला आणि वरून चामडं शिवलं. व्यायामाच्या सेवादास सरांनी मापं दिली, तरी चाचा विचारतच होते, “सर, याच्यावर झोपनार कोन?” मग सोयाबीनच्या पोत्यांवर बसून मी ट्रॅक्टरनं गावात आलो. वरातीतला घोडासुद्धा इतक्या ऐटीत येत नसेल!

प्रज्वल तेव्हा आठवीत होता. चढायचा आणि धपकन पडायचा. पण पाय मात्र काय सुंदर फिरायचे त्याचे! रोज शाळा सुटली की तो आणि मी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर राबलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. घरचे बैल आटोपल्यावर प्रज्वल उरलेली वाटी घेऊन थेट माझ्याकडे आला. “तूबी राबतंच ना रे,” म्हणत त्यानं माझ्या दोन्ही कड्या मस्त चोळल्या. मला किती भरून आलं म्हणून सांगू!

पोळा झाला आणि जिल्ह्याच्या निवडीसाठी पाहुणे आले. प्रज्वलनं ऐटीत कड्या धरल्या आणि सुर्रकन घसरून पलीकडे उताणा!

“अबे, घोडा हाय का बैल हाय?” सेवादास सर ओरडले. “तूप काहून लावलं?”

“सर, त्याचे खांदे दुखत असतीन म्हनून...”

पाहुणे पोट धरून हसले, पण निवड काही झाली नाही. माझ्या पायाशी बसून तो खूप रडला. मग उठला आणि राखेनं कड्या घासू लागला.

पुढच्या वर्षी तो जिल्ह्यात पहिला आला. मग विभाग, मग राज्य. पुढं तो पुण्याला शिकायला गेला, आणि यंदा चक्क देशात सुवर्णपदक! इकडे मी कोपऱ्यात. माझ्यावर कोणी डबे ठेवले, कोणी ओले रेनकोट वाळत घातले. उंदरांनी तर माझा निम्मा कापूस पळवला.

आज प्रज्वलनं शाळेला नवा चकचकीत घोडा आणला. मला फाटकाजवळ ठेवलं. भंगारवाला येणार होता.

वैभवीच्या प्रश्नावर प्रज्वल खदखदून हसला. “त्यानं नाही पाडलं. मीच त्याले तूप लावून पडलो!” त्यानं सगळी गोष्ट सांगितली. मग माझ्याजवळ येऊन कड्यांवर तळहात फिरवला. “अजूनबी चढायच्या आधी असाच हात फिरवतो. तूप तं नाही ना, पाह्यतो.”

आता वैभवीनं दुसरा प्रश्न विचारला. हा कोणी शिकवला नव्हता. “मंग मी चढू?”

“पोरी, मुलीच्या स्पर्धेत हा घोडाच नसते,” सेवादास सर म्हणाले.

“नसू द्या ना, सर!”

आणि चढलीसुद्धा! पाय अर्धे फिरले, माझं चामडं टरकलं, पोरगी धुळीत. उठली, परत चढली. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर गरम हात आले होते. मित्रांनो, आम्हाला हार नकोत, तूप तर नकोच नको. आम्हाला वापरा, आणि उसवलं तर टाका घाला. बस, एवढंच.

तेवढ्यात भंगारवाला दोरी घेऊन आला. वैभवी दोन्ही कड्या घट्ट धरून उभी राहिली. पहिल्या रांगेत तिचे वडील जगदेव आणि आई ज्योत्स्ना डोळे विस्फारून बघत होते. पोरीच्या केसांत माझा कापूस होता.

“आई, बाबा, आयका!” ती ओरडली. “घोडा कुठंच जाऊन नाही राह्यला. उद्यापासून शाळा सुटली का मी याच्यावर, स्पर्धा असो का नसो. अन् यंदा खांदशेकणीले याले तूप नाही, नवं चामडं लावायचं!”