राहणार जळगाव

"कुंदाबाई, ही वखार केवढी मोठी आहे हो?"

डॉक्टर निर्मलकुमारांनी केसपेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर करून विचारलं.

"कुठली वखार?"

"आमच्या दीपचंदकाकांची, सरकीची. सहा वर्षांत एकाच पत्त्यावर चौदा पेशंट! एका छपराखाली इतक्या बायकांना एकच रोग होतो म्हणजे काय? सरकीच्या धुळीत काही असेल का?" त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा हुरूप जास्त होता. चष्मा काढून ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

कुंदाबाईंचं पेन कागदावर थांबलं. समोरच्या बाकावर बायका नंबर धरून बसल्या होत्या. "पुढची कोण?" असं त्यांनी जरा जास्तच मोठ्यानं विचारलं आणि डॉक्टरांना उत्तर द्यायचं टाळलं.

दवाखाना शेठ लोकांच्या ट्रस्टचा, फक्त बायकांचा; तपासणारी डॉक्टरही बाईच. कुंदाबाई नारखेडे तिथं एकोणीस वर्षं केसपेपर लिहीत होत्या. मूळ असोद्याच्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सातवी पास होत्या म्हणून हे काम मिळालं. जुन्या जळगावात एक खोली, एक स्टोव्ह, रविवारी असोद्याला भावाकडे एक फेरी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, असं त्या स्वतःच म्हणत.

निर्मलकुमार दीपचंद शेठचे पुतणे. मुंबईला शिकलेले, हुशार, आणि खरं सांगायचं तर भले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास करायला ते दिवाळीनंतर आले होते. जुने केसपेपर उपसून त्यांनी या रोगाच्या एकतीस बायका शोधल्या होत्या. एका मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे लिहिलं होतं शहर, उजवीकडे खेडी. शहर सव्वीस, खेडी पाच.

"खेड्यांची वस्ती शहराच्या कितीतरी पट, आणि रोग मात्र पाचांतच संपला," ते म्हणाले. "म्हणजे शहरी राहणीतच काहीतरी खोट आहे. तुम्हाला कळतंय ना, कुंदाबाई, हे केवढं महत्त्वाचं आहे?"

कुंदाबाईंना कळत होतं. ट्रस्टनं एक मोटार घेतली होती आणि वर्षभरासाठी एक बाई डॉक्टर नेमली होती. लवकर सापडला तर हा रोग बरा होतो, उशीर झाला तर होत नाही. म्हणून रोग जिथं जास्त तिथं मोटार पाठवायची, शहरात किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत. दोन्हीकडे पाठवण्याएवढा खर्च ट्रस्टला झेपणार नव्हता. फेब्रुवारीअखेरच्या सभेत आकडे बघून ठरणार होतं.

आणि तो आकडा कुंदाबाईंनी केलेला होता.

ट्रस्टचा नियम होता की फुकट खाटा शहरात राहणाऱ्यांसाठी. खेड्यातल्यांनी पैसे भरावेत, नाहीतर आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात जावं. पण तालुक्याला बाई डॉक्टर नव्हती, आणि पुरुष डॉक्टरापुढे त्या बायका जीव गेला तरी लुगडं सोडणार नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी करंजपाड्याचा धना आपली वहिनी गेंदा हिला घेऊन आला. बैलगाडीनं यावल, तिथून एस. टी.नं. वासामुळे कंडक्टरनं तिला मागच्या दाराशी उभं ठेवलं होतं. कुंदाबाईंनी विचारलं, "राहणार?" आणि उत्तर यायच्या आतच त्यांना दिसलं की गेंदा बसली होती ती जागा लाल झाली आहे.

"जळगावात कोणी आहे का तुमचं?"

"कोनीच नही, बाई," धना म्हणाला. "हिवाळामा शेठनी वखारमा सरकी भराले येतस आम्ही. मांगला झोपडामा ऱ्हातस."

कुंदाबाईंनी लिहिलं, 'राहणार दीपचंद शेठची वखार, जळगाव.' गेंदानं त्यांचा हात धरला. "गावनं नाव लिखू नका, माय. गावले कार्ड येस. मास्तर बठ्ठास्ना सामने वाचस."

तेही खरंच होतं. पुन्हा तपासणीला बोलवायचं तर दवाखाना कार्ड टाकी. ते शाळेत जाई आणि मास्तर ओट्यावर उभा राहून वाची. असा रोग निघालेल्या घरात कोणी मुलगी देत नसे, घेत नसे.

गेंदानंतर दुसरी आली, मग तिसरी. डोंगरपट्टीत कानोकानी झालं असावं की त्या टेबलावरची बाई लिहून घेते. काहींना कुंदाबाईंनी वखार दिली, पाचजणींना स्टेशनाजवळची धर्मशाळा. किती जणींना खाट मिळाली हे त्यांना पाठ होतं. कोणी कधी पत्ते मोजायला बसेल, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निर्मलकुमारांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. "तुमच्या सव्वीसातल्या एकोणीस खेड्यातल्या आहेत, डॉक्टर. शहरातल्या फक्त सात."

त्यांनी तो मोठा कागद पुढे ओढला. "तुम्ही खोटं लिहिलंत?"

"मी दाखल करून घेतलं."

"मग आता मी काय लिहू? कुंदाबाईंना आठवतं म्हणून एकोणीस इकडच्या तिकडे केल्या, असं लिहू?"

"मला एकेकीचं गाव आठवतं."

"आठवण चालत नाही हो. कागद लागतो." ते चिडले नव्हते, थकल्यासारखे बोलत होते. "गावाच्या मृत्यूच्या रजिस्टरात या बायका आणि हा आजार दाखवा. नाहीतर घरच्या माणसाचा अंगठा आणा. पाच-सहा जरी झाल्या तरी मी ट्रस्टशी भांडेन. आणि एक सांगून ठेवतो, हे बाहेर आलं तर तुमची नोकरी राहणार नाही."

"माहीत आहे मला."

"आणखी एक. धुळीचं मी काकांच्या कानावर घातलं होतं. ते मागची झोपडी पाडायला निघालेत."

"धुळीत काही नाही म्हणून सांगा ना त्यांना!"

"सांगितलं तर का ते विचारतील. मग सगळंच सांगावं लागेल."

सभेला आठ दिवस होते. कुंदाबाई रजा टाकून करंजपाड्याला गेल्या. यावलपासून पुढे कोरड्या नाल्यातून चालत. सहा वर्षं ज्या गावाचं नाव त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं, ते गाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पंचवीसेक घरं, मोहाची झाडं, एक हापसा, तोही बंद.

पोलीस पाटील गिरधरनं रजिस्टर कौतुकानं पुसून पुढे ठेवलं. गेंदाबाई, वय पस्तीस, ताप. कुंदाबाईंना माहीत असलेल्या आणखी तिघी होत्या. ताप, ताप, हगवण.

"पाटील, या बायकांना ताप नव्हता."

"अक्का, मी चारच नावं लिखस. ताप, हगवन, साप-इच्चू नि म्हतारपन," गिरधर हसला. "दुसरं काही लिखं का तालुकाना साहेब येस. मंग त्याले कोंबडी कोन खावाडी? तुम्ही?"

धना अंगणात कुडाला शेण-माती लावत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पोरीचं लग्न होतं; त्याची तयारी चालली होती. कुंदाबाईंना पाहून त्याचे हात थांबले.

"मनी वहिनी तापमा गई, बाई."

"धना, तूच तिला घेऊन आला होतास. माझ्यासमोर उभा होतास."

"तो दुसरा कोनी व्हयी." मग त्यानं इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आखाजीले पोरनं लगीन शे. कागदवर अंगठा दिधा तं लगीन मोडी जाई. तुमना आमनावर उपकार शेत, मी नही म्हनस नही. पन अंगठा मांगू नका."

त्या मोटारीबद्दल बोलल्या. ती दारात येईल, बाई डॉक्टर असेल, कार्ड येणार नाही, काही नाही. धना मान हलवत ऐकत राहिला. "येऊ द्या ना मोटर," तो म्हणाला, "आम्ही कोठे नही म्हनतस? पन आमना घरना नाववर नको." उरलेल्या तीन घरांतही हेच झालं. एका घरात तर म्हातारीनं त्यांना चहा दिला, पायाही पडली, आणि आपल्याला सून कधी नव्हतीच असं सांगितलं.

परतताना धनाची बायको चमेलीबाई त्यांना नाल्यापर्यंत सोडायला आली. नाल्यात उतरल्यावर ती म्हणाली, "बाई, माले दिवाळीपाईन लाल जास."

कुंदाबाई थांबल्या. "धनाला माहीत आहे?"

"नही सांगं."

"आत्ताच चल माझ्याबरोबर. अशीच चल."

"आते कशी येऊ? पोरनं लगीन शे. आखाजी व्हई जाऊ द्या, मंग येसू."

"अगं, आखाजीला दोन महिने आहेत अजून!"

चमेलीबाई हसली. दात पांढरेशुभ्र, ओठांचा रंग मात्र उडालेला. "सात खेप नऊ-नऊ महिना ओझं लई फिरनू मी. हाई दोन महिना काय शे?" आणि वळता वळता तिनं विचारलं, "तुम्ही गावनं नाव लिखशात नही ना?"

कुंदाबाई रिकाम्या हातांनी परत आल्या. चमेलीबाईचं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तिला आणा. तपासल्याशिवाय ती माझ्या कागदात येत नाही." कुंदाबाईंनी वखारीला मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराच्या, गावाकडे जाणाऱ्या माणसाजवळ दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. आखाजीनंतर.

सभेच्या दिवशी केसपेपर लागतील म्हणून त्या गठ्ठा घेऊन दाराशी उभ्या होत्या. निर्मलकुमारांनी जसे होते तसे आकडे वाचले आणि काही पत्त्यांची खात्री करता आलेली नाही, असंही वाचलं. ते वाचलं तेव्हा चहा आला होता.

"खेड्यातल्या बायकांना कसला आलाय हा रोग?" दीपचंद शेठ कप हातात घेऊन म्हणाले. "कळण्याची भाकर, मोकळी हवा, दिवसभर काम. रोग आपल्या बायकांना, गादीवर बसून बसून." सगळे हसले. "आणि निर्मल, माझ्या वखारीचं नाव त्या कागदातून काढ रे बाबा. झोपडी पाडून टाकली मी. न रहेगा कोई, न होगा कुछ."

मोटार शहरात फिरवायचं ठरलं.

निर्मलकुमार बाहेर आले ते कुंदाबाईंशी नजर न भिडवता म्हणाले, "मी टीप टाकली आहे, कुंदाबाई. छापल्यावरही असेल ती."

"टीप वाचून मोटार जाते का हो?" त्यांनी विचारलं, आणि गठ्ठा पुन्हा कपाटात लावला. कोणी त्यांची नोकरी घेतली नाही. घ्यायला काही कारणच उरलं नव्हतं.

आखाजी होऊन तीन आठवड्यांनी चमेलीबाई आली. धनानं तिला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. पोरीचं लग्न नीट पार पडलं, हे तिनं आधी सांगितलं, मग बाकावर आडवी झाली. कुंदाबाईंनी पेन उचललं. खरं लिहावं तर ती आत जाणार नाही. वखारीत आता राहायला जागाच नव्हती. त्यांनी लिहिलं, 'राहणार कुंदाबाई नारखेडे यांचे घरी, जुने जळगाव.' शहराच्या बाजूला आणखी एक.

बाई डॉक्टरांनी तपासलं. रोग मूत्राशयापर्यंत गेला होता, आत सगळं दगडासारखं झालं होतं. मुंबईला नेऊन रेडियम देण्याची वेळ निघून गेली होती. किती महिन्यांपूर्वी जमलं असतं, असं कुंदाबाईंनी निर्मलकुमारांना विचारलं. नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. चार दिवसांनी खाट रिकामी करून द्यावी लागली. एस. टी.त बसण्याची ताकद तिच्यात नव्हती. कुंदाबाईंनी तिला लिहिलेल्या पत्त्यावर नेलं.

धना पेरणीपूर्वीच्या कामाला गावी गेला. चमेलीबाई त्या खोलीत तीन आठवडे होती. समोरच्या चौकात कधी कधी ट्रस्टची पांढरी मोटार उभी राही. पेठेतल्या बायका डोकावत, एकमेकींना ढकलत, खुदखुदत आणि 'आम्हाला काही नाही बाई' म्हणत निघून जात. पाच-सहा धीट बायका आत चढत आणि काही न सापडता उतरत. चमेलीबाई खिडकीतून बघत पडलेली असे. "त्यास्ले काय व्हयेल शे?" तिनं एकदा विचारलं.

"काही नाही."

"मंग बरं शे," ती म्हणाली. "मोटरले बी तरास नही."

ती बोलली त्यातलं थट्टेचं हे शेवटचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नळाला पाणी आलं असताना ती गेली. कुंदाबाई बादली भरून आत आल्या तेव्हा तिचे डोळे दाराकडे होते.

नगरपालिकेतल्या खिडकीशी रतिलाल कारकून नोंद घेत होता. कुंदाबाईंनी आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं, एकेक अक्षर तुटक करून. त्यानं तसंच लिहिलं.

"राहणार?"

"करंजपाडा. तालुका यावल."

"दवाखान्याच्या कागदावर जुने जळगाव आहे."

"तो पत्ता माझा. ती पाहुणी होती माझ्याकडे."

"इथं वारली ना?"

"हो."

"मग इथलीच," रतिलाल म्हणाला आणि टिपकागद दाबला. "अहो बाई, ज्या गावात माणूस मरतं त्याच गावात मोजतात. आम्ही काय गावोगाव पोचवायला जायचं का?"

निरोप मिळून गावाहून आलेला धना क्रियाकर्म उरकून बाहेर पायरीवर बसला होता. शेजारी चमेलीबाईचं गाठोडं होतं. कुंदाबाई येताना दिसताच तो उठला.

"बाई, कागदवर काय लिखं त्यास्नी?"

"आजार लिहिला. खरा."

त्याचा चेहरा उतरला. "नि गाव?"

"जळगाव."

धनानं मोठा श्वास सोडला. दोन्ही हात जोडून तो खाली वाकला, इतका की कुंदाबाईंना मागे सरकावं लागलं. "बरं व्हयनं, माय," तो म्हणाला. "धाकल्या दोन पोरी शेतच ना अजून लगीनना."

त्यानं गाठोडं उचललं. वरचं लुगडं कुंदाबाईंनी पहाटे धुतलं होतं आणि ते अजून सुकलं नव्हतं. त्यानं ते काढून झटकलं, उलगडून दोन्ही खांद्यांवरून पाठीवर सोडलं आणि तो स्टँडच्या रस्त्याला लागला. ऊन चढत होतं. यावलला पोचेपर्यंत ते वाळलं असतं.