टॅक-फ्री

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांच्या तोंडात चारच शब्द उरले. माझं नाव नाही, लेकीचंही नाही. मिरजोळ्याला फोमच्या कारखान्यात जन्म गेला, तिथलेच शब्द. नमुन्याच्या कपात रसायनं ढवळली, की हे मोठ्याने पुकारायचे. मिश्रण दुधाळ झालं की ‘क्रीम’, फुगू लागलं की ‘राइज’, घट्ट झालं की ‘जेल’, आणि वर टेकवलेलं बोट चिकटेनासं झालं की ‘टॅक-फ्री’.

आता चहात दूध ओतलं की ‘क्रीम’. आंबोळीचं पीठ फुगलं की ‘राइज’. मी करवादायचे, “अहो, कारखाना सुटला आता! एकदा माझं नाव घ्या की!”

काल पेज भरवताना ह्यांनी सगळी अंगावर सांडली. मी वाटी आपटली, नको ते बोलले आणि मागल्या पडवीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि परत येऊन म्हटलं, “काही नाही हो, बरी आहे मी.”

ह्यांनी चांगला हात उचलला. माझ्या गालाला बोट टेकवलं, काढलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. मी त्या शब्दाची वाट बघत राहिले.

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बोट पुन्हा गालावर ठेवलं.