तिसरा अर्ज

पालिकेच्या फाटकाशी टाइपरायटर मांडून बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे अर्जबहाद्दर म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडे. माणूस रडत-रडत भलतंच काहीबाही सांगे. हे चष्मा वर सारून म्हणत, "मुद्द्याचं बोला," आणि दहा मिनिटांत असा अर्ज हातात ठेवत, की वाचणाऱ्या साहेबाला खुर्ची टोचायला लागावी.

मग त्यांच्याच घरावर झाड कललं.

झाड शेजारच्या दंतवैद्याचं. बुंधा कुंपणापलीकडे, पण भार सगळा यांच्या मागच्या खोलीवर. मुळाशी जमीन फुगून तिला हात जाईल एवढी भेग पडलेली. दंतवैद्य म्हणाला, "अहो, आजोबांनी लावलंय. इतकी वर्षं उभं आहे, आताच कशाला पडतंय?" दिवसाला दहा दात उपटणारा माणूस, पण झाडाला हात लावायचं नाव नाही.

त्या मागच्या खोलीत बायकोची खाट होती. कमरेखाली लुळी पडल्यापासून चार वर्षं ती तिथेच होती. पुढची खोली मोकळी होती. दोन माणसं लावली असती तर पाव तासात खाट हलली असती. पण पालिकेतल्या ओळखीच्या कारकुनाने कानमंत्र दिला होता. "लेखी कळवून ठेवा, म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदारी झाडवाल्याची. आणि खोलीत आजारी माणूस दिसू द्या. रिकाम्या खोलीसाठी कुणी झाड तोडायला येत नाही." अर्जबहाद्दरांना ते तंतोतंत पटलं. पाहणीला माणूस येईल तेव्हा खाट जागेवर दिसायला हवी. पाहणी होईपर्यंतच तर प्रश्न होता!

त्यांनी महिन्याला एक असे तीन अर्ज केले, प्रत्येकाची प्रत दंतवैद्याला दिली आणि सह्या घेतल्या. पाहणीला कुणी फिरकलं नाही. एका मंगळवारी सकाळी साधाच वारा सुटला आणि झाड पडलं. तेव्हा हे फाटकाशी बसून कुणाच्या तरी तुंबलेल्या गटाराचा अर्ज टाइप करत होते. घरी पोचले तेव्हा बायको गेली होती.

लेक परगावाहून आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "आईला पुढे का नाही आणलं?"

"तीच तयार नव्हती गं. खिडकी सोडवत नव्हती तिला."

हे धडधडीत खोटं होतं. तोंडातून निघून गेलं आणि मग परत घ्यायची छाती झाली नाही. लेकीने विश्वास ठेवला. तिचा सगळा राग दंतवैद्यावर गेला आणि तिने त्याच्यावर भरपाईचा दावा लावला. "जाऊ दे" म्हणून यांनी शंभरदा सांगून पाहिलं. तिला अर्ज दाखवायचे टाळून फक्त पोचपावत्या दिल्या. ती ऐकते कुठली!

सुनावणीला टेबलाच्या एका बाजूला दंतवैद्य आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला हे दोघं. अधिकारीबाईंनी फाइल उघडली.

"तीनदा लेखी कळवलंत. म्हणजे झाड धोक्याचं आहे हे मालकाला माहीत होतं. त्यांची जबाबदारी आहेच."

लेकीने वडिलांचा हात घट्ट दाबला.

"पण त्यांच्या वकिलांचं म्हणणं आहे की धोका तुम्हालाही माहीत होता, तरी तुम्ही त्यांना हलवलं नाहीत, म्हणजे दोष तुमचाही." बाईंनी तिसरा अर्ज वर काढला आणि वाचला, "'अर्जदाराची पत्नी अत्यंत भयभीत असून, मला पुढच्या खोलीत हलवा, अशी रोज हात जोडून विनवणी करीत आहे.' हे तुम्हीच लिहिलंय ना?"

अर्जबहाद्दरांना आपल्या अक्षरन् अक्षराची शिसारी आली. लेकीचा हात त्यांच्या हातावरून केव्हा निघाला ते त्यांना कळलंही नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वाढवून लिहिलंय ना हे? अर्जात लिहितात तसं?"

बाईंनी पेन उचललं. "तसं असेल तर तसं सांगा. मी नोंदवून घेते."

लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही गं," ते म्हणाले. "ती म्हणायची तसंच लिहिलंय."